गाडीखालचं गाऱ्हाणं

धोंडू परब गाडीखाली सापडून मेला, याबद्दल बोरिवलीच्या चौकीत कुणाचं दुमत नव्हतं. दुमत एवढंच होतं, की त्याचा जीव त्याच्या म्हातारपणानं घेतला की जावयानं.

गुरुवारी सकाळी धोंडूची मुलगी नलिनी हाच प्रश्न घेऊन गोरेगावला अनुपमा वर्देच्या ऑफिसात आली. ऑफिस कसलं, पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खाली पट्टा फिरू लागला की वर टेबलावरचा पेन आपोआप चालायला लागायचा. अनुपमानं बारा वर्षं विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्या तपासल्या होत्या. पुढे साहेबांशी पटेना, तेव्हा तिनं स्वतःच्या नावाची पाटी लावली. 'खासगी तपास' असं त्या पाटीवर होतं आणि त्यावर पिठाचा थर होता.

तिचा मामेभाऊ बाळा खिडकीत बसून पुडीतले चणे खात होता. नाव बाळा, वय बेचाळीस, आणि डोक्यावर केस मोजून दोनशे. अनुपमाला स्कूटरवरून फिरवायचं आणि चुकीची अनुमानं काढायची, ही दोन कामं तो मनापासून करायचा.

"बघ," तो पुडीचा कागद वाचत म्हणाला, "दिंडोशीच्या रस्त्यावर भाजीवाल्या द्रौपदीबाईला मोटारीनं उडवलं. बाई जागीच गेली, गाडीवाला पसार. बुधवार संध्याकाळ. आठ दिवस झाले नाहीत, आणि बाईच्या मरणात चणे बांधून विकतायत."

तेवढ्यात नलिनी दारात उभी राहिली. तिशीची बाई, डोळे सुजलेले, पण आवाज ठाम.

"ताई, माझ्या नवऱ्यानं माझ्या बापाला मारलंय का, एवढंच मला सांगा. पोलिसांचं मी बघून घेईन. मला त्याच्याबरोबर संसार करायचाय की नाही, ते ठरवायचंय."

बाळाच्या घशात चणा अडकला. अनुपमानं पाण्याचा पेला नलिनीपुढे केला.

धोंडू परब मूळचा मालवणकडचा. एकतीस वर्षं कापडगिरणीत फिटर होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली, हात राहिले. त्या हातांच्या जोरावर तो लोकांच्या घरी जाऊन गाड्या दुरुस्त करू लागला. जॅक, पाने आणि लाकडी ठोकळे असं सामान घेऊन तो आणि जावई सहदेव दोघं जायचे. सोमवारी ते वझिऱ्याला जयवंत देसाईंच्या बंगल्यात फियाटच्या कामाला गेले होते. पुढचं डावं चाक काढून गाडी जॅकवर होती. सहदेव सामान आणायला दुकानात गेला. सव्वाअकराच्या सुमाराला जॅक कलंडला आणि गाडी धोंडूच्या छातीवर बसली. ठोकळे भिंतीशी तसेच रचलेले होते, एकही गाडीखाली नव्हता.

"फौजदार भोइटे म्हणतात, ठोकळे लावायचं काम सहदेवचं. त्यानं ते केलं नाही म्हणून निष्काळजीपणाचा गुन्हा. शनिवारी त्याला आत घेणार," नलिनी म्हणाली.

"आणि लोक काय म्हणतात?"

नलिनीनं पेला खाली ठेवला. "सहदेव बौद्ध आहे. मी लग्न केलं तेव्हा बाबांनी दोन वर्षं आम्हाला दारात उभं केलं नाही. मग त्यांना पस्तावा झाला, स्वतः येऊन आम्हाला घेऊन गेले. त्यानंतर दोघं असे राहिले, की मलाच विचारत नसत. पण चाळीतले लोक म्हणतात, जावयानं दोन वर्षांचा सूड उगवला. मी त्याला विचारलं, ठोकळे लावले होतेस का. तर म्हणाला, नाही. चार दिवस झाले, मी बाबांच्या खोलीवर राहते. त्याच्याशी बोललेली नाही."

"ठोकळ्यांशिवाय बाबा कधी गाडीखाली गेले होते?"

"बाबा? ताई, त्यांच्या एका दोस्ताचा हात असाच चिरडला होता. ते नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली बोटसुद्धा घालायचे नाहीत."

"मग हाच खरा प्रश्न आहे," अनुपमा म्हणाली. "ठोकळे का नव्हते, हे नंतर बघू. ते नसताना इतका सावध माणूस खाली गेला कसा?"

बाळाला यात काही प्रश्नच दिसला नाही. म्हातारा माणूस, विसरला असेल, असं तो जिना उतरताना म्हणाला. अनुपमानं त्याला स्कूटर सुरू करायला सांगितली.

सहदेव तायडे बोरिवली पूर्वेला आपल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. समोर शेजाऱ्यांनी आणून ठेवलेलं ताट झाकलेलंच होतं.

"मी ठोकळे लावले नव्हते," त्यानं आपणहून सांगितलं. "फौजदारसाहेबांनाही तेच सांगितलं. खोटं कशाला बोलू?"

"सगळं पहिल्यापासून सांगा. गाडी कशी उचलली तिथून."

गाडीचा विषय निघाला तसा तो थोडा सावरून बसला. "आधी जमीन सपाट आहे का बघायची. गाडी गियरमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. मग जॅकखाली फळी, आणि जॅक सावकाश. गाडी वर आली की चासीखाली दोन्ही बाजूंना ठोकळे. ते सागाचे आहेत, मामांनी स्वतः कापलेले. विटा कधी नाही, वीट फुटते. मग गाडीला खांद्यानं धक्का द्यायचा. हलली नाही, तर खाली जायचं."

"सोमवारी?"

"चाक काढलं आणि सांध्यातला रबरी बुश झिजून गेलेला दिसला. नवा आणायला हवा होता. मामा म्हणाले, तू जा, तू आल्यावर ठोकळे लावू, तोवर मी खाली जाणार नाही. त्यांचं गाऱ्हाणंच मुळी माझ्याशिवाय व्हायचं नाही."

"कसलं गाऱ्हाणं?"

सहदेवच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं आणि लगेच गेलं. "त्यांच्या गावची रीत. काही कामाला हात घालायचा तर एकानं देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मामांनी ते गाड्यांना लावलं. गोणपाटावर आडवे व्हायचे आणि म्हणायचे, बा देवा म्हाराजा, गाडी गेरात आसा. चाकांक दगड आसत. ठोकळे बसले आसत. तुझ्या लेकरांक सांभाळ रे म्हाराजा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता ना. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली. लांबचं धड दिसत नव्हतं, काम सगळं बोटांनी करायचे. म्हणून मी जे सांगेन त्यावर ते खाली जायचे."

"तुम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणायचात?"

"नाही. मी देव मानत नाही, ते त्यांनाही माहीत होतं. मी प्रत्येक वस्तूला हात लावून बघायचो आणि 'आहे' म्हणायचो. ठोकळ्यांवर हातोड्याचा एकेक ठोका मारून दाखवायचो. मामा म्हणायचे, तुझा 'आहे' माझ्या देवाक चालता." सहदेवनं मान खाली घातली. "मी ठोकळे लावूनच जायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं."

अनुपमानं त्याला रडू दिलं. मग विचारलं, "जाताना हातोडा कुठे होता?"

"ठोकळ्यांवर ठेवला होता, भिंतीशी."

"निघण्यापूर्वी मामा आणखी काही बोलले?"

"बाहेरूनच हात घालून चाचपत होते. म्हणाले, हय कायतरी चिंधी गुंडाळलेली आसा, तू इलस काय काढूया. देसाईसाहेब तिथेच चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांना घाई होती. बाराला पाहुणे येणार, गाडी तयार पाहिजे, असं सारखं चाललं होतं."

बाहेर आल्यावर बाळा म्हणाला, "माणूस सच्चा वाटतो. पण गुन्हा कबूलच करतोय की."

"दुकानात जाऊन वेळ विचारून ये," अनुपमा म्हणाली.

दुकानदारानं सांगितलं, सहदेव अकरापासून पावणेबारापर्यंत काउंटरशीच उभा होता. बुश गोदामातून आणावा लागला होता.

जयवंत देसाईंचा बंगला लहान पण नेटका होता. बाजूला पत्र्याच्या छपराचं गॅरेज, त्याच्या दारावर पोलिसांचं लाखेचं सील. दाराच्या फटीतून आतली फियाट दिसत होती, काळपट निळी. धोंडूला बाहेर काढायला दहाबारा जणांनी ती हातांवर उचलली आणि पुन्हा होती तशी टेकवली होती. त्यामुळे तिचा चाक नसलेला कोपरा जमिनीला भिडला होता. एखादं जनावर गुडघ्यावर बसावं तशी ती दिसत होती. बाळानं फटीतून एकदा पाहिलं आणि तो मागे सरला. आत अजून ग्रीसचा आणि आणखी कशाचा तरी वास होता.

देसाई पन्नाशीचे, झब्बा-पायजम्यातले, छापील पुस्तकासारखं बोलणारे गृहस्थ होते.

"अत्यंत दुर्दैवी घटना. मी पूजेला बसलो होतो. अकरा ते साडेअकरा मी देवघरातून उठत नाही. मोठा आवाज झाला म्हणून धावत आलो, तर हे."

"परब काम करताना काही बोलायचे?"

"पुटपुटायचे काहीतरी. मालवणी असावं. मला ती भाषा कळत नाही. माझा जन्म, शिक्षण सगळं मुंबईचं." त्यांनी सुस्कारा सोडला. "मी भोइट्यांना अर्ज दिला आहे. ती गाडी लवकर सोडवून भंगारात द्यायची आहे. अशी अपशकुनी वस्तू दारात नको."

"इथे नाक्यावर चार गॅरेजं आहेत. परबांनाच का बोलावलंत? त्यांना तर दिसत नव्हतं."

"गरीब माणसाला काम द्यावं म्हणून," देसाई म्हणाले, आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

त्यांची बायको वनमालाबाई चहा घेऊन आली. बाई साधी, घाबरलेली. नवरा फोनवर बोलायला आत गेला तशी ती अनुपमाजवळ बसली.

"मला झोप नाही हो लागत. तो म्हातारा सकाळी माझ्याकडून पाणी पिऊन गेला. म्हणाला, बाये, पाणी ग्वाड आसा. ऐकून बरं वाटलं. आम्ही वर्षाला एकदा जत्रेला सावंतवाडीला जातो, यांचं कुलदैवत तिथलं. एरवी ती बोली कानावर पडत नाही."

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"मागे स्वयंपाकघरात, पुरणाला बसले होते. फोन वाजला, वाजून वाजून बंद पडला. फोन देवघराला लागूनच आहे, पण हे पूजेतून उठत नाहीत. माझे हात भरलेले."

"किती वाजले असतील?"

"शाळेची मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती. म्हणजे अकरा वाजून दहा मिनिटं. मग थोड्या वेळानं तो आवाज." बाईनं पदर तोंडाशी धरला.

शेजारच्या घरात मृणालिनीबाई राहत. नागपूरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, एकट्या, आणि कान तिखट. त्यांची ओट्यावरची खिडकी गॅरेजच्या भिंतीला लागून होती.

"पोलिसांनी मला विचारलंच नाही," त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या. "मी मुलांचे पेपर तपासले चाळीस वर्षं, मला काय विचारायचं, नाही का?"

"मी विचारते ना. काय ऐकलंत?"

"तो मुलगा गेला मोठ्या फाटकातून, ते पाहिलं. मग शाळेची घंटा झाली. त्यानंतर आत काही प्रार्थना चालली होती. म्हातारा एकेक ओळ म्हणे आणि दुसरा कुणी बाप्या दर ओळीला 'होय महाराजा', 'होय महाराजा' करी. आमच्याकडे असलं काही नसतं, म्हणून मी कान देऊन ऐकलं. मग ठक्, ठक् असे दोन आवाज. मग म्हातारा म्हणाला, आता बरा झाला. आणि मग..." बाईंनी खिडकीकडे बोट केलं. "मग ते झालं. ओरडलासुद्धा नाही हो तो."

"दुसरा आवाज कुणाचा, ओळखलात?"

"हळू होता. पण मुरलेला. म्हणजे कसं, अडखळला नाही. एका लयीत म्हणत होता."

बाळा बाहेर येऊन म्हणाला, "म्हणजे आत कुणीतरी होतं. अनु, मला तर ड्रायव्हरचा संशय येतोय. श्रीमंतांच्या घरात ड्रायव्हरच सगळ्या कळा जाणतो."

"चल, ड्रायव्हरकडे जाऊ," अनुपमा म्हणाली. बाळाला कधी नव्हे ते आपलं खरं झाल्यासारखं वाटलं.

देसाईंचा ड्रायव्हर दशरथ नाक्यावर एका ट्रकवाल्याशी बोलत उभा होता. कराडकडचा गडी, मिशा पिळदार.

"म्या तिथं हुतोच कुठं? गेल्या गुरुवारपासनं साहेबांनी सांगितलं, गाडी बिघडलीया, येऊ नगंस. बुधवारी सांजच्याला म्या गाडी लावली तवा ठणठणीत हुती. त्यानंतर साहेब सोता घेऊन गेलं दिंडोशीला, दोस्ताकडं."

"गुरुवारी तुम्ही गाडी पाहिलीत?"

"चावी द्याया गेलो तवा. साहेब बादली घिऊन गाडी धूत हुतं. म्या दहा वर्सं चाकरीला हाय, साहेबांनी गाडीला कवा फडकं लावल्यालं बघितलं न्हाई. डाव्या दिव्याची काच बी नवी दिसली."

"दशरथ, देवाचं गाऱ्हाणं माहीत आहे तुम्हाला? व्हय म्हाराजा?"

"ते काय असतंय?" दशरथनं मनापासून विचारलं. "आमच्याकडं चांगभलं म्हंत्यात."

परतताना बाळानं स्कूटरला किक मारली. मग म्हणाला, "म्हणजे ड्रायव्हर नाही."

"नाही."

"मग माझी अक्कल संपली."

"लवकर संपली आज," अनुपमा म्हणाली. पण ती हसली नाही. तिनं वाटेत भोइट्यांची चौकी गाठली, पंचनामा वाचायला मागितला, आणि त्यात हातोडा कुठे सापडला ती ओळ दोनदा वाचली. तो मागच्या उजव्या चाकाजवळ पडलेला होता.

शुक्रवारी सकाळी दहाला सील तोडलं गेलं. फौजदार भोइटे नाखुशीनंच आले होते. विमा कंपनीतल्या जुन्या ओळखीपायी त्यांनी तासभर दिला होता. देसाई, वनमालाबाई, मृणालिनीबाई, दशरथ असे सगळे गॅरेजच्या तोंडाशी उभे होते. नलिनी एका टोकाला, सहदेव दुसऱ्या. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"आधी गाडी उचला," अनुपमा सहदेवला म्हणाली. "मामा उचलायचे तशी."

सहदेवनं जमीन पाहिली. गियर पाहिला, हँडब्रेक ओढला. मागच्या चाकांना दगड सारले. फळीवर जॅक ठेवला आणि दांडा फिरवायला लागला. गाडी करकरत वर येऊ लागली. जमिनीवरचा काळा डाग उघडा पडला, तेव्हा वनमालाबाईंनी तोंड फिरवलं. पुरेशी उंची आल्यावर सहदेव थांबला आणि बाजूला झाला. ठोकळे अजून भिंतीशीच होते.

"सोमवारी सहदेव गेला तेव्हा गाडी अशी होती," अनुपमा म्हणाली. "आणि धोंडूमामा बाहेर होते. गाडीखाली नव्हते. भोइटेसाहेब, तुम्ही विचारलंत, ठोकळे कुणी लावले नाहीत. मी विचारलं, ते नसताना मामा खाली का गेले. त्यांना दिसत नव्हतं. ते ऐकून खाली जायचे. म्हणजे कुणीतरी त्यांना सांगितलं, की ठोकळे लागले आहेत."

"हा जावईच सांगायचा ना?" भोइटे म्हणाले.

"तो दुकानात होता. आणि तो काय म्हणतो ते नलिनीला विचारा."

"तो 'आहे' म्हणतो," नलिनी हळूच म्हणाली. "त्यानं 'व्हय म्हाराजा' कधीच म्हटलेलं नाही. बाबांनी हट्ट धरला तेव्हाही नाही."

"मृणालिनीबाईंनी मात्र शाळेच्या घंटेनंतर 'होय महाराजा' ऐकलं. दर ओळीला, लयीत. ज्याच्या तोंडात ते लहानपणापासून बसलंय त्याचंच ते बोलणं. दशरथला ते काय असतं हेही माहीत नाही. आता या घरात दरवर्षी सावंतवाडीच्या जत्रेला जाणारा आणि तरीही मालवणी कळत नाही म्हणून सांगणारा पुरुष एकच आहे."

देसाई ताठ उभे होते. "मी पूजेत होतो."

"देवघराला लागून फोन वाजत राहिला, तुम्ही उचलला नाहीत. वनमालाताई समजल्या, तुम्ही पूजेत आहात. तुम्ही तिथे नव्हताच. तुम्ही इथे उभे होतात. सकाळपासून सहदेवचं काम तुम्ही पाहत होतात. बाराच्या पाहुण्यांची घाई दाखवून तुम्ही मामांना म्हणालात, चला, मी आहे मदतीला. म्हातारा गोणपाटावर आडवा झाला आणि त्यानं गाऱ्हाणं घातलं. ठोकळे बसले आसत, असं तो म्हणाला, तेव्हा तुम्ही म्हणालात, व्हय म्हाराजा. हातोडा उचलून तुम्ही दोन ठोके मारलेत. ठोकळ्यावर नाही, मागे जमिनीवर, म्हणून हातोडा भिंतीशी नाही, मागच्या चाकाशी सापडला. पहिल्यांदा ऐकून मलाही पटेना, की इतका सावध माणूस एका परक्याच्या शब्दावर खाली गेला. पण तुम्ही परके राहिलाच नव्हतात. आपल्या मुलखातला माणूस देवापुढे होकार देतोय, तो खोटा कसा असेल? सहदेवचा 'आहे' त्यांनी हातोड्याच्या आवाजावरून तपासला असता. तुमच्या होकारामागे ठोका लाकडावर पडला की जमिनीवर, हे त्यांनी ऐकून पाहिलं नाही. मग तुम्ही गाडीला एक खांदा दिलात."

 भोइट्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"कारण?" देसाई म्हणाले. आवाज अजूनही छापील होता. "मी एका गरीब मेकॅनिकला का मारीन?"

"गाडी उचलली की तिचं पोट दिसतं म्हणून. गेल्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी तुम्ही स्वतः गाडी घेऊन दिंडोशीला गेलात. त्याच संध्याकाळी तिथे द्रौपदी नावाची भाजीवाली गाडीखाली गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही ड्रायव्हरला सुट्टी दिलीत, गाडी धुतलीत, दिव्याची काच बदललीत. पुढचं चाक मात्र तुम्हाला दुरुस्त करता येईना. नाक्यावरच्या गॅरेजात दहा डोळे. म्हणून तुम्ही न दिसणारा माणूस शोधलात आणि घरी बोलावलात. त्याची बोटं बघतील, हे तुमच्या लक्षात आलं नाही. त्यांना खाली चिंधी लागली आणि ते तुमच्यासमोरच तसं बोलले."

"हे सगळं तर्क आहेत."

"असतील. मामा गेल्यावर गाडी जमिनीवर बसली आणि पोलिसांनी दार बंद केलं. तेव्हापासून खाली कुणालाही हात घालता आला नाही, तुम्हालाही नाही. म्हणून भंगाराची घाई. चिंधी अजून तिथेच असेल. नसेल तर मी तुमची माफी मागते."

देसाईंनी बायकोकडे पाहिलं. वनमालाबाई त्यांच्यापासून दोन पावलं बाजूला झाली होती.

"तुम्ही त्याला देवाच्या नावानं खाली घातलात," ती म्हणाली. "आणि घरात येऊन माझ्या हातचं पुरण जेवलात."

 देसाई भिंतीला टेकले.

"खाली कोण जाणार?" भोइट्यांनी विचारलं. त्यांच्या हवालदारानं त्या डागाकडे पाहिलं आणि मान फिरवली. बाळाही दोन पावलं मागे गेला.

"मी जातो," सहदेव म्हणाला.

त्यानं ठोकळे उचलून दोन्ही बाजूंना बसवले, जॅक थोडा सैल करून गाडीचं वजन त्यांच्यावर टेकवलं, खांद्यानं धक्का दिला. गाडी हलली नाही. मग तो त्याच गोणपाटावर आडवा झाला आणि तसाच थांबला. खाली जाण्यापूर्वी बाहेरून कुणीतरी सांगायचं असतं, आणि सांगणारा तो स्वतःच असायचा. आज त्याच्यासाठी सांगणारं कुणी नव्हतं.

बाळा पुढे सरकत होता, त्याला अनुपमानं बाहीला धरून मागे ओढलं.

नलिनी आली. साडी खोचून ती जमिनीवर गुडघ्यांवर बसली. आधी आत वाकून गियरचा दांडा हलवून पाहिला.

"गियर आहे," ती म्हणाली. चार दिवसांत त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द होता.

ती मागे गेली, चारही दगड पायानं दाबून पाहिले. "दगड आहेत."

मग हातोडा घेऊन तिनं डाव्या ठोकळ्यावर ठोका मारला. वळसा घालून उजव्यावर मारला. तेवढ्यानं समाधान झालं नाही, म्हणून दोन्हींना तळहात लावून पाहिला.

"ठोकळे आहेत," ती म्हणाली. "जा. मी इथे आहे."

सहदेव खाली सरकला. त्याचे नुसते पाय दिसत होते. नलिनीनं एक हात गाडीवर ठेवला होता, तो तिनं काढला नाही. खालून लोखंडावर काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मग सहदेवचा हात बाहेर आला. त्यात स्टिअरिंगच्या दांड्याला पिळून बसलेली लुगड्याची पट्टी होती, हिरवी, लाल काठाची, ग्रीस आणि वाळलेल्या रक्तानं कडक झालेली. काठात एक तुटकी बांगडी अडकली होती.

भोइट्यांनी ती कागदात घेतली आणि देसाईंच्या दंडाला हात घातला. देसाई निमूटपणे चालू लागले. वनमालाबाई त्यांच्यामागे फाटकापर्यंतही गेली नाही.

सहदेव बाहेर येऊन उभा राहिला. त्यानं हात गोणपाटाला पुसले. "ठोकळे लावून गेलो असतो तर," तो म्हणाला, "तर मामा..."

"हो. वाचले असते," नलिनी म्हणाली. "ते मी विसरणार नाही आणि तूही विसरणार नाहीस. पण तू सांगितलंस ते सगळं खरं होतं, आणि मी चार दिवस लोकांचं ऐकत बसले. ते माझं चुकलं."

तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचं ग्रीस पुसलं. ते निघालं नाही, आणखी पसरलं.

"घरी चल," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"आपल्या. पण आधी ही गाडी खाली घे. उचललेली गाडी तशीच टाकून बाबा कधी घरी आले नाहीत."

सहदेवनं जॅकचा दांडा हातात घेतला. ठोकळे काढायला नलिनी खाली वाकली, तर त्यानं तिला थांबवलं आणि गाडीपासून लांब उभं राहायला सांगितलं.